मुंबई ते न्यूयॉर्क : दोन तासांचा हिशेब

जानेवारी २००९ मधली गोष्ट. साताऱ्यात आमच्या शेजारचे काका दुपारी गेले. एकुलता एक मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीला. रात्री त्याचा फोन आला, पण आवाज तुटत होता. ‘इथल्या सकाळी अकराच्या विमानात बसतोय, थेट मुंबई’ एवढं कळलं आणि फोन बंद पडला. तो मुंबईत कधी उतरेल आणि गाडी कधी पाठवायची, हा प्रश्न अंगणात बसलेल्या मंडळींनी माझ्यावर सोपवला. मी पतसंस्थेत हिशेबनीस, शिवाय घरात जगाचा नकाशा लावणारा गल्लीतला एकटाच. मी काकूंना हळूच विचारलं, “गेल्या वर्षी तुम्ही दोघं गेलात तेव्हा विमानात किती तास होता?” त्या म्हणाल्या, “सोळा.”

मग हिशेब सोपा होता. तिथले सकाळचे अकरा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. त्यात सोळा तास मिळवले की दुसऱ्या दिवशी दुपारचा दीड. त्या बेताने गाडी निघाली. मुलगा मात्र साडेअकरालाच उतरला. त्याचा अमेरिकेतला फोन इथे चालेना. गाडी येणार हे माहीत असल्यामुळे तो विमानतळाबाहेर बॅग घेऊन उभा राहिला. दिवस मावळायच्या आत घरी पोचला असता, तो अंधार पडल्यावर पोचला. स्मशानात जमलेली गावाकडची म्हातारी माणसं तोवर परत गेली होती. मला कुणी काही बोललं नाही. पण ते दोन तास माझ्या हिशेबातले होते.

साताऱ्याहून पुणं जितकं लांब, तितकंच पुण्याहून सातारा. म्हणून जाताना सोळा तास लागत असतील तर येतानाही सोळाच, असं मी धरलं होतं. चूक कुठे झाली हे समजून घ्यायला लागलो, तेव्हा माझ्याजवळ बी.कॉम.ची पदवी आणि दहावीपर्यंतचा भूगोल एवढीच शिदोरी होती. पुढे जुन्या बाजारातली पुस्तकं, विमानांची वेळापत्रकं आणि हवामानशास्त्राची पाठ्यपुस्तकं वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो. आज आपल्याकडे गल्लीगल्लीत कुणाचं तरी कुणीतरी समुद्रापलीकडे आहे, त्यामुळे हा हिशेब एका माझ्या कामाचा नाही.

दोऱ्याने मोजलेलं अंतर

आधी अंतर. मुंबईचा विमानतळ १९.१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ अंश उत्तर आणि ७३.८ अंश पश्चिम इथे. दोहोंच्या रेखांशांत जवळजवळ १४७ अंशांचा फरक, म्हणजे पृथ्वीच्या अर्ध्या फेरीला थोडाच कमी. गोलाच्या त्रिकोणमितीचं सूत्र लावलं, की पृथ्वीच्या केंद्रातून पाहता या दोन ठिकाणांमध्ये ११२.७ अंशांचा कोन होतो. आपले जुने पंचांगकर्ते ज्या ‘ज्या’ आणि ‘कोटिज्या’ वापरत, त्याच इथेही लागतात. एका अंशाला साधारण १११.२ किलोमीटर धरले, तर अंतर येतं सुमारे १२,५४० किलोमीटर. हा आकडा मात्र पक्का आहे. ऋतू बदलो, सरकार बदलो, विमान बदलो, तो बदलत नाही.

आकडेमोड नको असेल तर दुसरी रीत आहे. पृथ्वीचा गोल घ्यावा, एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर ठेवून दोरा ताणून धरावा. हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा दोरा कुठून गेला ते पाहून मी चक्रावलो. अमेरिका पश्चिमेला आहे, तेव्हा दोरा अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे जाईल अशी माझी अपेक्षा. तो गेला जवळजवळ सरळ उत्तरेकडे! मुंबईहून निघतानाची दिशा उत्तरेपासून फक्त २७ अंश पश्चिमेला झुकलेली. कच्छचं रण, पाकिस्तान, पश्चिम अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मग थेट मॉस्कोजवळून हेलसिंकीकडे. तिथून नॉर्वे, आइसलंडची दक्षिण किनार, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून कॅनडातलं लॅब्राडोर आणि मग खाली उतरत न्यूयॉर्क. मुंबईसारख्या उष्ण शहरातून न्यूयॉर्कला जाणारी सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुववृत्ताच्या जवळून जाते.

आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपण लहानपणापासून सपाट नकाशा पाहत आलो. शाळेच्या भिंतीवरचे जगाचे बरेचसे नकाशे मर्केटरने १५६९ मध्ये काढलेल्या पद्धतीचे वा तिच्यासारखे असतात. तो नकाशा खलाशांसाठी होता. त्यावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि होकायंत्राची सुई त्या एकाच कोनावर राखली, की जहाज मुक्कामी पोचतं. पण तशी वाट सर्वांत लहान नसते. मुंबई ते न्यूयॉर्क अशी रेघ मारली तर ती अरबस्तान, इजिप्त, अल्जेरिया, मोरोक्को आणि मग अटलांटिक अशी जाते, आणि तिची लांबी भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. नकाशावरची सरळ रेघ गोलावरच्या ‘वाकड्या’ वाटेपेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटरांनी लांब. म्हणजे साताऱ्याहून दिल्ली गाठण्याहूनही जास्त अंतर केवळ कागद सपाट असल्यामुळे वाढतं.

पृथ्वी फिरते म्हणून?

अंतर दोन्ही बाजूंनी तेच, विमान तेच, मग वेळेत दोन तासांचा फरक कशाने? हा प्रश्न मी अनेकांना विचारला. सगळ्यांत जास्त वेळा मिळालेलं उत्तर असं : “पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, म्हणून.” एका निवृत्त शिक्षकांनीही हेच सांगितलं.

हे उत्तर खरं असतं, तर फरक उलटा पडायला हवा होता. विमान हवेत असताना खालून पृथ्वी पूर्वेकडे सरकते, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्याला मुक्काम आपणहून जवळ यावा. शिवाय विषुववृत्तावर जमिनीचा फिरण्याचा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर असतो. खालची जमीन विमानाला सोडून तशी सरकत असती, तर नुसतं वर जाऊन तरंगत राहिलं तरी प्रवास घडला असता. तसं होत नाही, कारण पृथ्वीबरोबर तिचं हवेचं पांघरूणही फिरतं आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या एसटीत जागच्या जागी उडी मारली तर आपण मागच्या बाकावर जाऊन पडत नाही, तसंच हे.

खरं कारण वाऱ्यात आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे तो इथे, पण आडून. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे निघते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती वाटेत पूर्वेकडे वळते. उष्ण आणि थंड हवेच्या सीमेवर, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, त्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे वाऱ्याचे झोत तयार होतात. हवामानशास्त्रात त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर-दोनशे किलोमीटर असणं नेहमीचं, हिवाळ्यात कधी तीनशेच्याही वर जातो. लांब पल्ल्याची विमानं उडतात तीही साधारण याच उंचीवर.

या झोतांचा पद्धतशीर शोध घेणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक होते जपानचे हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी. १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून त्यांनी उंचावरचे वारे मोजले. आपलं काम जगभर वाचलं जावं म्हणून त्यांनी १९२६ मध्ये अहवाल छापला तो एस्परांतो या कृत्रिम जागतिक भाषेत. ती भाषा वाचणारे थोडे, त्यामुळे त्याकडे फारसं कुणी पाहिलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना हेच वारे भोवले, तेव्हा त्यांचं महत्त्व सगळ्यांना पटलं. भारताचाही या अभ्यासात वाटा आहे. पावसाळ्यात दक्षिण भारतावर आणखी वरच्या थरात याच्या उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणारा झोत असतो. त्याचं वर्णन पी. कोटेश्वरम् या भारतीय शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये केलं. पण मुंबई-न्यूयॉर्क वाटेचा बहुतेक भाग उत्तरेकडच्या पश्चिमी वाऱ्यांच्या राज्यात येतो.

आता हिशेबनिसाची आकडेमोड. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरू आणि वाट सरळ हिशेबासाठी १२,५०० किलोमीटर. वाटेत सरासरी ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर जमिनीवरून मोजलेला वेग उरतो ८४०, आणि वेळ लागतो सुमारे १४ तास ५३ मिनिटं. परतताना तोच वारा पाठीशी आला तर वेग ९६० आणि वेळ सुमारे १३ तास १ मिनिट. फरक एक तास बावन्न मिनिटांचा. वर चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंतची रांग, वाटेतली वळणं असा वेळ दोन्हीकडे मिळवला, की वेळापत्रकातले साधारण सोळा आणि चौदा तास हाती येतात. काकांच्या अंगणात माझ्या कागदावर नसलेले दोन तास ते हेच.

या गणितात आणखी एक गंमत आहे. जाताना जेवढं नुकसान झालं तेवढा येताना फायदा होऊन जमाखर्च बरोबरीत सुटेल, असं वाटतं. तसं होत नाही. वारा ताशी १०० चा धरा. वारा नसता तर जाऊन-येऊन २७ तास ४७ मिनिटं लागली असती. वाऱ्यात लागतात २८ तास ८ मिनिटं. समोरचा वारा आपल्याला जास्त वेळ सोसावा लागतो आणि पाठीवरचा कमी वेळ लाभतो. वारा जेवढं घेतो तेवढं परत देत नाही.

तो देतो तेव्हा मात्र भरभरून देतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठं वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग काही काळ ताशी १,३०० किलोमीटरांच्या वर गेला होता. तरी ते ध्वनीपेक्षा जलद उडालं असं म्हणता येत नाही, कारण भोवतीच्या हवेतून ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. नावाडी तेवढंच वल्हवत होता, नदीला पूर आला होता.

लांबची वाट, लवकरचा मुक्काम

वारा एवढा मोठा भिडू असेल तर जवळची वाट सोडून लांबची धरणंही कधी शहाणपणाचं ठरेल. याचं उत्तम उदाहरण दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. गोलावर मोजलं तर हे अंतर सुमारे १२,३७० किलोमीटर. एअर इंडियाचं विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडे जायचं. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची होती आणि तिच्यावर वारा समोरून यायचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने हेच विमान पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेलं. वाट झाली सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटरांनी जास्त. वेळ लागला साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी! परतताना विमान अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच उडे. जाऊन-येऊन पृथ्वीला एक पूर्ण प्रदक्षिणा, आणि वारा दोन्ही वेळा पाठीशी.

वैमानिकाची वाट म्हणूनच वर्षाची ठरलेली नसते. उड्डाणाआधी त्या दिवसाच्या वाऱ्यांचा अंदाज पाहून ती आखतात. उत्तर अटलांटिकवरचे विमानमार्ग तर कॅनडातल्या गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडकडच्या शॅनविक या नियंत्रण केंद्रांकडून वाऱ्याप्रमाणे दिवसातून दोनदा नव्याने आखले जातात. कालचा रस्ता आज नसतो.

आकाशातली कुलपं

इथवर निसर्ग झाला. पण दोऱ्याने दाखवलेली वाट पुन्हा आठवून पाहा : पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. या नावांमध्येच पुढची अडचण आहे. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाचा आपल्या वरच्या आकाशावर पूर्ण हक्क मान्य केला. आकाशाला कुंपण दिसत नाही, पण फाटक आहे आणि त्याला कुलूप लागतं.

एअर इंडियाने १९६० साली बोइंग ७०७ विमानाने मुंबई-न्यूयॉर्क सेवा सुरू केली तेव्हा ते लंडनमार्गे जात असे. वाटेत न थांबता जाणारं तिचं विमान ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झालं. काका-काकूंचा सोळा तासांचा प्रवास अशाच थेट विमानाचा. त्यासाठी पुरेसं इंधन नेणारं विमान हवं होतं, तशीच वाटेतल्या देशांची परवानगीही.

ती परवानगी गेली की काय होतं ते आपण पाहिलं. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं आणि ते पूर्ण खुलं झालं १६ जुलैला. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमानं आधी खाली गुजरातकडे येऊन, समुद्रावरून वळसा घालून जाऊ लागली. अमेरिकेच्या काही फेऱ्यांना इंधनासाठी मध्येच उतरावं लागलं. २ जुलैपर्यंत एअर इंडियाचं ४९१ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याची माहिती सरकारने राज्यसभेत दिली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतीय विमानांसाठी ते आकाश पुन्हा बंद झालं. मुंबईला याची झळ दिल्लीपेक्षा कमी बसते, कारण मुंबईची विमानं समुद्रावरून ओमान आणि आखाताकडे सरळ जाऊ शकतात.

रशियाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ मध्ये युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं, भारतीय कंपन्यांना मात्र ते खुलं राहिलं. हेलसिंकीहून टोकियोला साडेनऊ तासांत जाणारं फिनलंडच्या कंपनीचं विमान उत्तर ध्रुवावरून वळसा घालून जाऊ लागलं आणि प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला. शहरं जागच्या जागी होती. त्यांच्यामधली वाट मात्र विमानाच्या अंगावर कोणत्या देशाची नोंदणी आहे यावर ठरू लागली.

घड्याळाचा घोटाळा

राहिलं घड्याळ. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे, म्हणून आपल्या वेळेत तो अर्धा तास येतो. न्यूयॉर्क आपल्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास असतं. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. त्यामुळे जुलैत रात्री दीडला मुंबईहून निघालेला माणूस सोळा तास उडून न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी आठला उतरतो. तिकिटावर दिसतात साडेसहा तास. परतताना सकाळी साडेअकराला निघालेला माणूस चौदा तास उडून मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पोचतो. तिकिटावर दिसतात साडेतेवीस तास. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. त्यांची नुसती वजाबाकी करून उडण्याचा वेळ काढू नये.

आता गल्लीत कुणी विचारलं, तर मी आधी उलट विचारतो : येणार आहे की जाणार आहे? थेट विमान आहे का? महिना कोणता? कोणत्या देशाची कंपनी? यातलं एकही माहीत नसेल तर वेळ सांगत नाही, दोन वेळा सांगतो, लवकरची आणि उशिराची. गाडी मात्र लवकरच्या वेळेला पाठवायला सांगतो. चालकाला दोन तास चहा पीत बसावं लागलं तरी चालेल.

काकांचा मुलगा अजूनही दर दोन-तीन वर्षांनी येतो. मागच्या खेपेला मी त्याला गोल आणि दोरा दाखवला आणि त्या दिवशीचे दोन तास कुठे गेले होते ते सांगितलं. त्याने दोऱ्यावरून बोट फिरवत आइसलंडपर्यंत नेलं आणि म्हणाला, “त्या रात्री विमानात पडद्यावर नकाशा होता. मी तो एकसारखा बघत होतो. विमान पुढे सरकतच नाही असं वाटत होतं.”

वारा पाठीशी होता. जमिनीवरून पाहता विमान ताशी साडेनऊशेच्या वेगाने घराकडे येत होतं. मी त्याला तसं सांगणार होतो, पण सांगितलं नाही.